गवती चहा आणि सीआयए

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा मी राजीनामा दिला, त्याला आता दीड वर्ष झालं. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं होतं. सभेत तो वाचून दाखवला तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी 'होमलँड' एवढंच म्हणालं आणि खजिनदारांसकट सगळे हसले. इतिवृत्तात याची नोंद नाही. इतिवृत्त मीच लिहीत होतो.

नाशिकमधली आमची इमारत चार मजल्यांची. दर मजल्यावर चार, अशी १६ घरं. गच्चीवर सिमेंटची एक टाकी. त्या श्रावणात गंगापूर धरण भरलेलं, गोदावरीला पाणी सोडलेलं, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर, आणि आमच्या टाकीत पहाटे पाचला ठणठणाट. रात्री अकराला मी स्वतः जिना चढून बघायचो, टाकी काठोकाठ. पहाटे नळाला नुसती हवा. मधले सहा तास सोळाही घरं झोपलेली असतात, निदान तसा समज आहे. म्हणजे कोणीतरी पाणी काढत होतं.

त्याच आठवड्यात मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. बॅगा दारात, रिक्षा खाली, आणि ही टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेली. "बाबा, आई म्हणते तू रात्री झोपत नाहीस, टाकीच्या फेऱ्या मारतोस. त्यापेक्षा हे बघ. पण पहिला सीझन झाला की थांब. पुढचं मनावर घेऊ नकोस." श्रीखंडाच्या बाबतीत हेच वाक्य मी तिला लहानपणी ऐकवत आलो. तिने जेवढं ऐकलं तेवढंच मीही ऐकलं.

'होमलँड' ही अमेरिकन मालिका २०११ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि २०२० च्या एप्रिलात संपली. आठ सीझन, प्रत्येकात बारा भाग, एकूण ९६. मूळ कल्पना इस्रायलची. तिकडची 'हातुफिम' दोन सीझनमध्ये आटोपली, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकन अवतारात निकोलस ब्रॉडी नावाचा सैनिक इराकमध्ये पकडला जातो आणि आठ वर्षांनी जिवंत सापडतो. सगळा देश त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो. सीआयएमधल्या कॅरी मॅथिसनला मात्र बगदादच्या एका खबऱ्याने सांगितलेलं असतं की, एक अमेरिकन युद्धकैदी शत्रूला मिळालाय. तो हाच, असं तिचं मत. तिला बायपोलरचा आजार आहे, तो तिने ऑफिसात लपवलाय, गोळ्या बहिणीकडून गुपचूप घेते. म्हणजे ज्या एकाच बाईला खरं दिसतंय तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा हाच प्रश्न. एका भागात वाटतं ब्रॉडी गद्दार आहे, पुढच्यात वाटतं बिचारा छळाने मोडलाय आणि हिचंच डोकं फिरलंय. मी पहिले तीन भाग एका बैठकीत पाहिले आणि त्या रात्री टाकी बघायला गेलोच नाही.

आमच्या घरात हेरकथेची परंपरा आहे, असं मी बायकोला सांगितलं. वडील बाबूराव अर्नाळकर वाचायचे. झुंजार, काळा पहाड ही नावं मी बाराखडीबरोबर शिकलो. बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण प्रत्येक गोष्ट त्या त्या पुस्तकात संपायची. वडील रात्री पुस्तक संपवून सकाळी वाचनालयात परत टाकायचे आणि वेळेवर कामावर जायचे. "मग तुम्हीही तसंच करा," बायको म्हणाली. एवढी साधी सूचना कोणी पाळत नसतं.

आता तीनशे दोन. आमचं घर तीनशे एक, समोरचं तीनशे दोन. मालक गृहस्थ आठ वर्षं मस्कतला होते आणि त्या जूनमध्ये परत आले. पत्नी तिकडच्या शाळेत शिकवते, ती दिवाळीला येणार होती. तोवर हे एकटे. उंच, शांत, कोणात न मिसळणारे. आठ वर्षं! मी तो आकडा ऐकला आणि अंगावर काटा आला. बायकोचं म्हणणं, आपल्या मावसभावानेही आठ वर्षं भिलाईत काढली, त्याच्याकडे बघून तुम्हाला कधी काटा आला नाही.

पहिल्याच भागात कॅरीच्या लक्षात येतं की, टीव्हीवरच्या प्रत्येक चित्रीकरणात ब्रॉडीची बोटं विशिष्ट पद्धतीने हलतायत. कोणाला तरी खूण. दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्ये शिरलो. तीनशे दोन आधीच आत होते. नजर वर मजल्याच्या आकड्यांवर, उजवा हात लिफ्टच्या पत्र्यावर, आणि बोटं हलत होती. तर्जनी, तर्जनी, पंजा, थोडा विसावा, पुन्हा तर्जनी. मी श्वास रोखून मोजलं. सोळा ठोके, मग पुन्हा पहिल्यापासून. घरी येऊन वहीत लिहिलं: '१६ ठोके. १६ घरं?' पुढचे चार दिवस मी लिफ्टची वाट बघत खाली उभा राहू लागलो. पाचव्या दिवशी आणखी एक धागा मिळाला. नवव्या ठोक्याला हात हलका पडत होता, जवळजवळ लागतच नव्हता. तळमजल्यापासून मोजत आलं तर नववं घर तीनशे एक. आमचं.

त्या रात्री मी दाराला आतून खुर्ची लावली. बायको पाणी प्यायला उठली आणि तिच्यावर अडखळली. तो प्रसंग मी वगळतो.

कॅरीच्या भिंतीवर रंगीत कागद असतात. हिरवा, पिवळा, जांभळा. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे तिचा आजार उफाळून येतो, आणि तिचा दाढीवाला साहेब सॉल ते विखुरलेले कागद रंगांप्रमाणे रात्रभर भिंतीवर लावतो, तेव्हा त्या पसाऱ्यातून एक अर्थ वर येतो. मँडी पटिंकिनने तो सॉल असा केलाय की, आपल्यालाही असा एखादा साहेब मिळायला हवा होता असं वाटतं. माझ्याकडे भिंत नव्हती, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय होतं. हिरवी खूण म्हणजे टाकी भरलेली, लाल म्हणजे रिकामी, निळी म्हणजे तीनशे दोनच्या घरात रात्री बारानंतर दिवा. बायको त्याच कालनिर्णयावर दुधाच्या पिशव्यांचा हिशेब ठेवते आणि तिची पण खूण हिरवीच. महिनाअखेरीस आम्ही अकरा दिवसांच्या जास्तीच्या दुधाचे पैसे भरले. दूधवाला भला माणूस, त्याने स्वतःहून परत केले. माझ्या घरात मात्र हिरवा रंग तेव्हापासून बंद आहे.

आता ज्या प्रसंगाची मला आजही रात्री दोनला आठवण येते तो.

पहिल्या सीझनच्या सातव्या भागात कॅरी आणि ब्रॉडी एका तळ्याकाठच्या घरात एकत्र असतात. सगळं गोड चाललेलं. तेवढ्यात बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून त्याच्या आवडत्या चहाचं नाव निघतं, यॉर्कशायर गोल्ड. हे नाव त्याने तिला कधी सांगितलेलं नसतं. त्याच्या घरात कॅमेरे लावून ती आठवडे आठवडे बघत बसलेली, म्हणून तिला माहीत. ब्रॉडीचा चेहरा बदलतो आणि पुढची दहा मिनिटं टीव्हीवर क्वचित दिसतात तशी आहेत. गोळीबार नाही, पळापळ नाही, दोन माणसं एकमेकांना खरं विचारतायत. मी उशी मांडीवर घेऊन हसत होतो. एवढी शिकलेली बाई, अरबी बोलते, आणि चहावरून पकडली गेली!

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी घंटागाडीच्या आधी तीनशे दोनची ओल्या कचऱ्याची बादली दाराबाहेर होती. मी फक्त झाकण उचललं. वर गवती चहाची उकळलेली पानं, खाली पपईची सालं. वहीत नोंद केली. अकराच्या सुमारास ते जिन्यात भेटले. कॅरीप्रमाणे विश्वास संपादन करावा म्हणून मी म्हटलं, "या की एकदा चहाला. घरोबा वाढला पाहिजे."

"येतो ना," ते म्हणाले.

"हिला सांगून ठेवतो, तुम्हाला गवती चहा घालून लागतो."

ते एक पायरी उतरले होते. तिथेच थांबले. मान वळवून माझ्याकडे बघितलं. आमच्या जिन्यातली ट्यूबलाइट नेहमी फडफडते, ती नेमकी त्या क्षणी स्थिर झाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "वास." आता माणसाला वासावरून चहा ओळखता येतो हे खरं, पण बंद दारातून, दोन भिंती पार करून, पपईसुद्धा? पपईचं मी बोललो नव्हतो, तरी ती माझ्या चेहऱ्यावर असणार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच उजवा हात जिन्याच्या कठड्यावर ठेवला, माझ्या डोळ्यांत बघत सोळा ठोके वाजवले, आणि उतरून गेले.

पहिला सीझन संपला. ब्रॉडी अंगावर बॉम्बचं जाकीट चढवून उपाध्यक्षांबरोबर एका भूमिगत खोलीत उभा असतो आणि त्याला मुलीचा फोन येतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. निदान एवढं तरी राखून ठेवतो. पाठोपाठ माझी मासिक सभा भरली. सोळाच्या सोळा घरांतून माणसं आली, दोघांनी घरून खुर्च्या आणल्या. मी अर्धा तास बोललो. नाव न घेता 'तिसरा मजला' एवढंच म्हटलं. कोणी मोबाइलकडे बघितलं नाही. गच्चीवर कॅमेरा बसवायचे ४,२०० रुपये एकमताने मंजूर झाले. मला मुलीचं ऐकायचं असतं तर ही वेळ होती. २०१२ च्या सप्टेंबरात त्या मंडळींनाही सर्वोत्तम मालिकेचं एमी मिळालं होतं, कॅरी झालेली क्लेअर डेन्स आणि ब्रॉडी झालेला डेमियन लुईस या दोघांनाही मिळालं होतं. एवढ्या टाळ्या वाजल्यावर दुकान बंद करून घरी जातं कोण?

दुसऱ्या सीझनचा पूर्वार्ध उत्तम आहे, आणि हे मी सोसायटीचं नुकसान करून मिळवलेल्या अधिकाराने सांगतो. पाचव्या भागात कॅरी एका खोलीत ब्रॉडीची उलटतपासणी घेते. दुसऱ्या कोणी हे शेवटच्या सीझनपर्यंत साठवून ठेवलं असतं, यांनी पाचव्याच भागात उडवलं. तिथेच खरं तर गोष्ट संपते. ब्रॉडी गद्दार आहे की नाही हा संशय मिटला. आणि संशय दुधासारखा असतो. एकदा फाटला की त्याचं पनीर होईल, पुन्हा दूध होणार नाही. पण सात भाग अजून भरायचे होते. मग ब्रॉडीच्या मुलीच्या मित्राने गाडीखाली कोणाला तरी उडवल्याचं एक उपकथानक आलं. बायको तिथे उठली. "या पोरांचं टाकीशी काय देणंघेणं?" ती म्हणाली. तिलाही एव्हाना सगळी हेरगिरी टाकीचीच वाटत होती.

नंतर उपाध्यक्षांचा पेसमेकर दुरून बिघडवून त्यांना मारतात. सासरे अण्णा पेसमेकरवाले होते, त्यामुळे बायकोने स्वयंपाकघरातूनच हे फेटाळलं. अण्णांचा पेसमेकर तपासायला डॉक्टर छातीवर यंत्र टेकवायचे, मैलभर लांबून कोण काय करणार? मीही हसलो. पुढे वाचनात आलं की, अमेरिकेचे खरेखुरे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये सांगितलं होतं, त्यांच्या छातीतल्या उपकरणाची वायरलेस सोय डॉक्टरांनी २००७ मध्येच बंद करून टाकली होती, कोणी घातपात करू नये म्हणून. हे मी बायकोला मोठ्या विजयाने ऐकवलं. ती म्हणाली, "मग टाकीलाही वायरलेस आहे का बघा."

माझ्याकडेही सात भाग भरायचे होते. गच्चीच्या कॅमेऱ्यात महिनाभर कबुतरं आणि मी, एवढेच दिसलो. टाकी मात्र रिकामी होतच होती, आणि टँकर मागवावे लागत होते. दुसऱ्या सभेत सांगायला नवीन काही नव्हतं, म्हणून मी वर्तमानपत्र गायब होण्याचं प्रकरण जोडलं, पार्किंगमधल्या अनोळखी स्कूटरचं जोडलं. निम्मी माणसं आली. स्कूटर खजिनदारांच्या जावयाची निघाली. तिसऱ्या सभेला कोरम झाला नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो, मग मी आणि वॉचमन मिळून खुर्च्या उचलल्या.

तिसऱ्या सीझनमध्ये त्यांचीही तीच अवस्था. ब्रॉडीशिवाय चालत नाही आणि ब्रॉडीचं करायचं काय ते सुचत नाही. पहिल्या दोन भागांत तो दिसतच नाही, तिसऱ्यात काराकासच्या एका अर्धवट टॉवरमध्ये सापडतो. मधले कित्येक भाग मी बघितले असं म्हणणं धाडसाचं आहे, टीव्ही चालू होता एवढं खरं. शेवटच्या भागात तेहरानच्या चौकात त्याला क्रेनला लटकवून फाशी देतात आणि कॅरी कुंपणावर चढून त्याला हाक मारते. इतकी ओढाताण केल्यावर लेखकांनी हे एक धैर्य दाखवलं. मी डोळे पुसत होतो. बायको आतून म्हणाली, "हनुवटी थरथरली का तिची? मग आता कोणीतरी गेलं." न बघता तिला कळलं होतं. क्लेअर डेन्सची हनुवटी आमच्या घरात हवामान खात्यापेक्षा भरवशाची आहे.

'सीआयडी'ला हा त्रास नाही. शिवाजी साटमांची ती मालिका १९९८ ते २०१८ चालली, दीड हजारावर भाग झाले. दया दार तोडतो, खुनी सापडतो, फाइल बंद. उद्या नवं दार. माझ्याकडे दार एकच होतं, समोरचं.

चौथ्या सीझनला त्या लोकांनी शहाणपणा केला. ब्रॉडी गेलाच आहे तर सगळा संसार उचलला आणि इस्लामाबादला हलवला. चित्रीकरण अर्थात केपटाऊनला, त्यामुळे ते इस्लामाबाद जरा जास्तच निवांत दिसतं. आयएसआयची बाई म्हणून निम्रत कौर. बायको ओट्यापासून धावत आली. "अगं बाई, ही तर 'लंचबॉक्स'मधली डबा पाठवणारी!" त्या बिचाऱ्या इलाने मुंबईत चुकीच्या माणसाला डबे पाठवले आणि इथे ती अमेरिकन वकिलातीवर हल्ला घडवून आणतेय. बायको पुन्हा बघायला बसू लागली. हा सीझन खरोखर चांगला आहे. जुन्या प्रश्नाला ठिगळ लावण्याऐवजी नवा प्रश्न विचारला: ड्रोनने लांबून माणसं मारणारी बाई घरी आल्यावर काय होते?

मी यातून घेतलेला धडा फक्त जागा बदलण्याचा होता.

शेजारच्या इमारतीची गच्ची आमच्या गच्चीपेक्षा एक मजला उंच. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण कपाटात होती. शनिवारी रात्री साडेअकराला मी तिकडच्या वॉचमनला 'मित्राकडे चाललोय' म्हणून सांगितलं आणि चढलो. पाण्याच्या पाइपांमध्ये गुडघ्यावर बसलो. रिमझिम चालू. दुर्बिणीतून आमची टाकी अशी स्वच्छ दिसत होती की, तिच्यावर रंगवलेला मागच्या सेक्रेटरीचा कार्यकाळही वाचता यावा. तिच्या खाली तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा. मी दुर्बीण खाली वळवली. तीनशे दोन जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर काहीतरी गोल, दोन्ही हात त्यावर. मी पुढे सरकलो.

"काका, उठा," मागून आवाज आला. वॉचमन, त्यांचे सेक्रेटरी, आणि गच्चीवर फोनवर बोलायला आलेली एक मुलगी, जिने मला पाइपात बघून त्यांना बोलावलं होतं. रात्री बारा, वय ५६, ओला शर्ट, हातात दुर्बीण, दुर्बिणीचं तोंड एका रहिवासी इमारतीच्या खिडक्यांकडे. मी म्हटलं, "मी समोरचा सेक्रेटरी आहे." त्यांचे सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच विचारतोय." त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. बायकोला बोलावलं. ती छत्री घेऊन आली, सगळ्यांची क्षमा मागितली, आणि परतीच्या वाटेवर छत्री स्वतःवरच धरली.

यानंतर मी नोकरी सोडलेल्या हेरासारखा घरी बसून उरलेली मालिका संपवू लागलो. पाचवा सीझन बर्लिनचा. निर्मात्यांनी निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला आणि भिंतीवर अरबी मजकूर खरा वाटावा म्हणून तीन चित्रकार बोलावले. त्यांनी भिंतीवर मालिकेचाच निषेध लिहून ठेवला, ही मालिका वंशद्वेष्टी आहे वगैरे, आणि चित्रीकरण, संकलन, प्रक्षेपण होईपर्यंत अरबी वाचणारं कोणी मिळालं नाही म्हणून ते २०१५ मध्ये तसंच दाखवलं गेलं. अरबांवरच्या मालिकेत अरबी कोणालाच येत नाही! टीकाकार आधीपासून हेच म्हणत होते. मला हसू आलं नाही. मीही दोन महिने १६ ठोक्यांची भाषा येत नसताना तिचं भाषांतर करत होतो.

सहावा न्यूयॉर्कचा, मंद. तो मी इस्त्री करता करता पाहिला, शेवट सोडून, कारण शेवटी कॅरीचा सहकारी पीटर क्विन जातो आणि एक शर्ट करपला. सातव्यात येवगेनी नावाचा रशियन येतो. तो नट कोस्टा रोनिन 'द अमेरिकन्स'मध्येही रशियन हेरच होता. ती मालिका सहा सीझनमध्ये, ७५ भागांत थांबली, आणि शेवटपर्यंत उतरली नाही असं माझं मत आहे. तिच्यात पहिल्या दिवसापासून आपल्याला माहीत असतं की नवराबायको हेर आहेत. संशयावर ती उभीच नाही, संसारावर आहे. संसार लवकर शिळा होत नाही. बायकोचं याबाबत वेगळं मत असू शकेल.

दिवाळीला मुलगी आली. बॅग खोलीत टाकली, न्हाणीघराचं दार उघडलं आणि ओरडली, "बाबा, हा फ्लश कधीपासून चालू आहे?"

ती गेल्यापासून आम्ही ती खोली बंदच ठेवली होती. निघताना घाईत तिने फ्लश ओढला, आतलं वॉशर तिरपं बसलं, आणि श्रावणापासून धनत्रयोदशीपर्यंत आमच्या टाकीचं पाणी रात्रंदिवस, कोणताही आवाज न करता, तीनशे एकच्या गटारात जात होतं. दिवसा पंप चालायचा म्हणून कळत नसे. सात टँकर आले होते. पैसे मी भरले. वॉशर ४० रुपयांचं.

पाडव्याला मी तीनशे दोनची बेल वाजवली. फराळाचं ताट पुढे केलं आणि माफी मागितली. सगळं सांगितलं, बादलीसकट. त्यांनी आत बोलावलं. खोलीच्या मध्यात तबला-डग्गा. मस्कतला असल्यापासून त्यांना शिकायचा होता, इथे आल्यावर क्लास लावला, पण पंचावन्नाव्या वर्षी बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसतो हे कोणाला कळू नये म्हणून रात्री बोटांनी सराव. तीनतालाच्या सोळा मात्रा. नवव्या मात्रेवर हात रिकामा, तिला 'खाली' म्हणतात.

"म्हणजे नववं घर..." मी म्हटलं.

"तेच तर रिकामं होत होतं," ते म्हणाले, आणि इतके हसले की त्यांच्या पत्नी आतून बघायला आल्या.

मग म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, मस्कतला आमच्या खोलीवर तीन वेळा झालंय 'होमलँड'. जिन्यात तुम्ही गवती चहा म्हणालात ना, तिथेच ओळखलं. त्याच्या आधीचा सराव खरा होता. नंतर लिफ्टमध्ये जे वाजवायचो, ते तुमच्यासाठी."

आठव्या सीझनचा शेवटचा भाग मी त्यांच्याकडे बसून बघितला. मॉस्कोत राहणारी कॅरी एका पुस्तकाच्या बांधणीत चिठ्ठी लपवून सॉलला पाठवते, आणि सॉल ती उलगडून वाचतो. एवढ्या दगाफटक्यानंतर दोघांचं नातं अजून शिल्लक आहे, हे त्या चिठ्ठीतून कळतं. आम्ही दोघं गप्प होतो. चहात गवती चहा होता.

बघायची असेल तर पहिला सीझन सलग बघा. दुसरा पाचव्या भागापर्यंत मन लावून, पुढे स्वयंपाक करत. तिसऱ्याचा शेवटचाच भाग बघितला तरी चालेल. चौथा पूर्ण. पाचवा चांगला, सहावा आणि सातवा सवडीने, आठवा सोडू नका. आणि बसण्यापूर्वी घरातले सगळे फ्लश एकदा बघून घ्या. बंद खोलीतले आधी.